डबीतला रुपया

खून, दरोडे, दंगली असं बरंच काही नोकरीत पाहिलं. त्यातलं पुष्कळसं आता पुसट झालंय. पण हिंगोलीत निरीक्षक असताना हाताळलेलं एका रुपयाचं प्रकरण मनातून जात नाही. त्यात रक्त सांडलं नव्हतं, साधं कुलूपही तुटलं नव्हतं. तरी त्या सकाळी जो धक्का बसला, तसा प्रेताचा पंचनामा करतानाही मला कधी बसला नव्हता.

फिर्याद घेऊन आलेले गृहस्थ इतिहासाचे निवृत्त शिक्षक. गावातल्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळे सगळे त्यांना सरच म्हणत. पत्नी वारलेली, मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात, घरी सून आणि ते. जुनी नाणी जमवणं हा त्यांचा आयुष्यभराचा नाद.

सकाळची हजेरी आटोपून मी खुर्चीत बसतच होतो. सर आत आले, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशातून एक डबी काढली आणि माझ्या टेबलावर उघडून ठेवली. आत निजामाच्या काळातला, चारमिनारचं चित्र असलेला चांदीचा रुपया होता. आमच्याकडे त्याला हाली रुपया म्हणतात.

"साहेब, हा माझा रुपया नाही," सर म्हणाले. "माझा कोणीतरी नेला आणि त्याच्या जागी हा ठेवला."

मला दोन्हींत काय फरक असणार ते कळेना. रुपया तो रुपया. माझा चेहरा पाहून सर वर्गात सांगावं तसं सांगू लागले. नाण्याची किंमत चांदीवर ठरत नाही, त्याच्या अवस्थेवर ठरते. हातोहात फिरलेल्या नाण्याचे आधी उंच भाग झिजतात. या रुपयावर पहिली जातात ती मिनारांची टोकं, मग मधल्या दारातलं उर्दू अक्षर. त्यांचा रुपया बाजारात कधी चाललाच नव्हता, टांकसाळीतून निघाला तसा कोरा होता. उजेडात तिरपा धरला की त्यावरून चमक गोल फिरायची. वर्षानुवर्षांची काळसर झाक त्यावर चढली होती.

"ती झाक म्हणजे नाण्याची कातडी, साहेब. ती कधी काढायची नाही. धुतलेलं नाणं जाणकार हातात धरत नाही." मग डबीकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि हे बघा. दारातलं अक्षर ओळखू येतं का तुम्हाला? अशा नाण्याला मी माझ्या कपाटात जागासुद्धा दिली नसती."

कपाटाची किल्ली सरांच्या जानव्याला असे. रात्रंदिवस. कपाट फोडलेलं नव्हतं. मग रुपया बदलला कोणी? गेल्या काही महिन्यांत तो हाताळणारा एकच बाहेरचा माणूस होता, सरांचा कळमनुरीचा जुना विद्यार्थी. तिशीतला, शेतकरी घरातला तरुण. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. नाण्यांचा नाद त्याला सरांनीच लावला होता. दर रविवारी तो सरांकडे यायचा, दोघं कपाट उघडून बसायचे.

"त्याच्यावर माझा मुलासारखा विश्वास होता," एवढं बोलून सरांनी चष्मा काढून पुसला.

गुन्हा दाखल केला. तरुणाला बोलावलं. तो सरळ आला, सरळ बसला. म्हणाला, "सरांचा रुपया मी घेईन का साहेब? त्यांनीच मला नाणं कडेनं धरायला शिकवलं." तुझ्याकडे असा रुपया आहे का, असं विचारल्यावर मात्र क्षणभर थांबला आणि "न्हाई" म्हणाला. तो क्षण मी ध्यानात ठेवला. चौकशीत माणूस कुठं अडखळतो, ते उत्तरापेक्षा महत्त्वाचं असतं. पुरावा नव्हता, म्हणून नोटीस देऊन जाऊ दिलं.

पुढच्या आठवड्यात खबर लागली. कनेरगाव नाक्यावरच्या एका ढाब्यावर आमचा एक खबऱ्या बसायचा. त्याने फोन केला, "साहेब, कळमनुरीचं ते मोबाइलवालं पोरगं इथं वाशिमच्या एका माणसाला भेटून राहिलं. जुन्या रुपयाची बात चालू हाय. उद्या दुपारी माल दाखवणार म्हणतेत."

दुसऱ्या दिवशी आमचं पथक साध्या वेशात तिथं जेवायला बसलं. तरुणाने खिशातून पाकीट काढलं तेव्हाच त्याला धरलं. पाकिटात चारमिनारचा रुपया निघाला. साल तेच. मिनारांची टोकं धारदार, दारातलं अक्षर स्पष्ट, वर काळसर झाक. दोन पंचांसमोर जप्त करून मोहोरबंद केला.

ठाण्यात सरांना ओळख पटवायला बोलावलं. त्यांनी रुपया कडेने धरला, खिडकीपाशी नेला, तिरपा केला. "हाच. माझा," ते म्हणाले आणि तिथेच बाकावर बसून लहान मुलासारखे रडले. आमचे हवालदारही त्यांचेच विद्यार्थी. ते तोंड फिरवून उभे राहिले.

झालं, असंच मला वाटलं. तरुणाला समोर बसवलं.

"आता बोल. 'न्हाई' म्हणाला होतास ना?"

तो खाली मान घालून बसला होता. "खोटं बोललो साहेब. पर रुपया माझाच हाय. लग्नाच्या खर्चाला इकायला काढला."

"कुठून आणलास?"

नोटीस दिली तेव्हापासूनच त्याच्या गावात बातमी फिरली होती. बाजारच्या दिवशी लोक त्याच्या दुकानासमोर थांबून आत बघून जात होते. लग्न ठरलं होतं, मुलीकडच्यांचा निरोप आला होता की सध्या राहू द्या. हे सगळं मला माहीत होतं आणि त्यालाही.

"वसमतकडच्या एका बाईनं इकला. तिच्या सासरी भावाभावांत वाटणी चालू हाय. तिच्या माहेरचा रुपया, पर दिरांना कळलं तर तोही वाटणीत धरतील. मी शब्द दिला होता, नाव काढणार न्हाई म्हणून."

"स्वतःचं लग्न मोडायला आलं तरी?"

"शब्द दिला होता साहेब," तो पुन्हा म्हणाला. नाव मात्र अखेर सांगितलं. कुणाला कळू न देता आमच्या महिला कर्मचारी त्या बाईकडे जाऊन आल्या. बाईने सगळं मान्य केलं.

आता माझ्यापुढे पेच पडला. वसमतकडच्या बाईने खोटं बोलायचं कारण दिसत नव्हतं. सर तर कधी खोटं बोललेच नसतील. वरून विचारणा होत होती की आरोपी हाती असताना अटक का दाखवत नाही. मी थोडं थांबायचं ठरवलं आणि पुरातत्त्व खात्यातून निवृत्त झालेल्या नांदेडच्या एका बाईंना बोलावलं. नाण्यांची पारख करण्यात त्यांचा शब्द प्रमाण मानत.

बाई आल्या. भिंग, छोटा तराजू आणि दिवा एवढंच सामान. मी दोन्ही रुपये त्यांच्यापुढे ठेवले. सरांनी काही वर्षांपूर्वी शाळेतल्या प्रदर्शनासाठी आपल्या रुपयाचा मोठा फोटो काढून घेतला होता, तोही फिर्यादीसोबत दिला होता. बाईंनी फोटो घेतला. आधी जप्त केलेला रुपया पाहिला, मग डबीतला. पुन्हा फोटो.

"जप्त केलेला रुपया चांगला आहे, पण फोटोतला तो नाही," त्या म्हणाल्या. "फोटोत डाव्या मिनाराशेजारी, कडेजवळ तिळाएवढा खळगा आहे. नाणं पाडतानाच राहिलेला. तो या रुपयावर नाही." मग त्यांनी डबीतला रुपया भिंगाखाली सरकवला. "इथं आहे. या, बघा."

मी वाकून पाहिलं. मिनाराशेजारी तीळ पडावा तसा खळगा होता.

"म्हणजे डबीतला रुपया..."

"सरांचाच. कोणी काही बदललेलं नाही."

"पण तो तर झिजलेला आहे."

"झिजलेला नाही, घासलेला आहे. वापराने झिजतं तेव्हा उंच भाग गुळगुळीत होतात, खोलगट भागात मळ राहतो. इथं खोलगट जागासुद्धा ओरखडली आहे. बारीक रेघा बघा, सगळ्या एका दिशेच्या. राखेने किंवा रांगोळीने, पुन्हा पुन्हा, जोर लावून घासलाय. एका दिवसाचं काम नाही हे."

किल्ली सरांच्या गळ्यात. कपाट सरांचं. मग घरात हे करणारं कोण? पहिला संशय सुनेवर गेला, हे सांगायला हवं. घरातला राग माणसं वस्तूंवर काढतात, हे आम्ही पोलीस रोज पाहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरवणी जबाब घेण्यासाठी मी एका महिला शिपायाला घेऊन सरांच्या घरी गेलो. दार सूनबाईंनी उघडलं. थकलेल्या दिसत होत्या.

"मामंजी मागे मोरीपाशी आहेत. बसा, बोलावते."

"इतक्या सकाळी तिथं काय करतात?"

"पूजेची उपकरणी घासतात. हल्ली रोजचंच झालंय. मी घासते म्हटलं तर चिडतात, म्हणून मी तिकडं जातच नाही."

मी त्यांना थांबवलं आणि स्वतःच मागे गेलो. सर पाटावर बसले होते. उघडे, गळ्यात जानवं, जानव्याला किल्ली. समोर राखेची वाटी, हातात नारळाची शेंडी. शेजारी ताम्हण, पळी आणि तीन-चार नाणी पाण्यात भिजत ठेवलेली. एक नाणं फरशीवर धरून ते घासत होते. घासायचे, पाण्यात बुडवायचे, उजेडात धरायचे आणि पुन्हा घासायचे.

"सर," मी हाक मारली.

त्यांनी वर पाहिलं. इतके दिवस माझ्यासमोर बसून बोललेला हा माणूस. त्याच्या नजरेत माझी काही ओळख नव्हती.

"जरा थांबा हं," ते हळू आवाजात म्हणाले. "आई रागावेल. सणाच्या आत सगळं लखलखीत झालं पाहिजे म्हणालीय."

मागून सूनबाई आल्या होत्या. पाण्यातली नाणी त्यांनी पाहिली. "देवा, मला वाटलं नुसती भांडी," एवढंच त्या म्हणाल्या. मी बत्तीस-तेहेतीस वर्षं खाकी घातली, पण त्या मोरीच्या दारात काय करावं ते मला सुचेना. नाण्याला नुसतं बोट लावलं तरी विद्यार्थ्यांना दटावणारा माणूस स्वतःच्या हाताने आपलं आयुष्यभराचं धन खरवडत होता. तासाभराने तोच माणूस अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत आला, मला नमस्कार केला आणि विचारलं, "काय साहेब, काही धागादोरा लागला?"

मुलगा पुण्याहून आला. नांदेडला डॉक्टरांना दाखवलं. विस्मरणाचा आजार होता, बराच पुढे गेलेला. कपाटाची किल्ली मुलाने काढून घेतली. मी न्यायालयात 'क' समरी पाठवली, म्हणजे फिर्याद गैरसमजातून झाली, गुन्हा घडलेला नाही. जप्त रुपया तरुणाला परत केला. त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांना मी स्वतः ठाण्यात बोलावून सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि लग्न झालं.

कागदावर प्रकरण मिटलं. सरांच्या मनातून मात्र ते मिटलं नाही. बाकी सगळं विसरत चालले, चोरी तेवढी लक्षात राहिली. महिन्या-पंधरा दिवसांनी ते घरातून निसटून ठाण्यात यायचे आणि माझ्यासमोर बसून म्हणायचे, "साहेब, माझा रुपया बदललाय. संशय माझ्या एका विद्यार्थ्यावर आहे." सगळं पहिल्यापासून सांगायचे, मिनारांची टोकं, दारातलं अक्षर, सगळं. सुरुवातीला मी त्यांना खरं काय ते सांगून पाहिलं. एकदाच. त्यांचा चेहरा असा झाला, की पुन्हा ते धाडस केलं नाही. मग चहा मागवायचो आणि म्हणायचो, "तपास चालू आहे सर."

आणि ठाणे अंमलदार एक फोन लावायचा. कळमनुरीहून मोटारसायकल यायची. तो तरुण दारात चपला काढून आत यायचा, सरांचं बोलणं संपेपर्यंत मागे उभा राहायचा. ज्या चोराचं वर्णन चाललेलं असायचं तो आपणच, हे ऐकत. मग हळूच म्हणायचा, "चला सर, घरी सोडतो."

"तू कोण रे?" सर विचारायचे.

"तुमच्याच शाळेतला हाय सर."

एकदा मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, दर वेळी हे ऐकून तुला तकलीफ होत नाही का? तो म्हणाला, "व्हते ना साहेब. पर दुसरं कोण नेणार त्यांना?"

खरं बोलणारा आणि खोटं बोलणारा अशी माणसांची वाटणी आम्ही खात्यात पहिल्या दिवसापासून करत असतो. या प्रकरणात फिर्यादी आपल्या परीने अक्षर न् अक्षर खरं बोलत होता आणि चोरी झालेली नव्हती. संशयित खोटं बोलला होता आणि निर्दोष होता. त्यानंतर कोणाचाही जबाब घेताना मी माणसाच्या बोलण्याइतकंच त्याच्या हातांकडे बघू लागलो. निवृत्तीच्या दिवशी पदभार सोपवताना नव्या निरीक्षकांना प्रलंबित गुन्हे समजावून दिले आणि शेवटी सांगितलं, एक वयस्क शिक्षक अधूनमधून येतील. त्यांना खुर्ची द्या, त्यांचं सगळं ऐकून घ्या आणि कळमनुरीला फोन करा.