निंब पोकळ असल्याचा अर्ज

माझं अक्षर सुंदर आहे. हे मी नाही, लोक म्हणतात. मी फक्त ऐकायला तयार असतो. सरकारी ऑफिसात सारी नोकरी मसुदे लिहिण्यात गेली. रिटायर झालो तरी रामदासपेठेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाला अर्ज हवा असला की बेल माझीच वाजते. साहेबानं मुकाट्यानं सही करावी असा अर्ज लिहून देतो मी. त्याच अक्षरानं माझं तोंड काळं केलं.

आमच्या फाटकासमोर रस्त्याच्या कडेला जुना कडुनिंब होता, एका माणसाच्या कवेत न मावणारा. त्याच्याखाली टेबल लावून एक बाई कपड्यांना कोळशाची इस्त्री करायची. तिच्याआधी तिची सासू तिथंच उभी राहायची. बाईला वाचता येत नाही, पण कोणता गठ्ठा कोणाचा यात ती कधी चुकली नाही. माझ्या गठ्ठ्यात मी चिठ्ठी ठेवायचो, ‘शर्ट पाच, पँट तीन’. ती म्हणायची, “चिठ्ठी पाह्यली का समजते मले, काकाजीचे कपडे. अशी लंबी शेपटी दुसरं कोणीच काढत नाही अक्षराले.” मी आपला खूश.

मग मी गाडी घेतली. पांढरी. बुद्धी कुठं चरायला गेली होती कोण जाणे, पांढरी! फाटकाबाहेर निंबाखालीच लावावी लागे. उन्हाळा सरत आला की टपावर निंबोळ्यांचा चिकट सडा, वरून कावळ्यांची कृपा. रोज सकाळी बादली-फडकं घेऊन मी त्या झाडाला शिव्या घालायचो. बिल्डिंगमधले बाकीचेही वैतागलेलेच होते. गच्चीवर मीटिंग झाली. हे झाड काढायचं आणि त्या बदल्यात पाच शोभेची झाडं लावायची, असं ठरलं. “अर्ज काकाजीच लिहितील,” कोणीतरी म्हणालं, आणि मी फुगलो.

कावळे घाण करतात म्हणून झाड तुटत नाही, एवढं मला कळत होतं. म्हणून लिहिलं, ‘सदर वृक्षाचे खोड आतून पोकळ झाले असून जीवितास धोका संभवतो.’ मी पाहिलं होतं का? कुठलं! बोटानं टकटक करूनसुद्धा पाहिलं नव्हतं. वाक्य वजनदार वाटलं, झालं.

महिन्याभरात झाडावर महापालिकेची नोटीस ठोकली गेली. कोणाची हरकत असेल तर सात दिवसांत लेखी द्यावी. बाईनं ती कोणाकडून तरी वाचून घेतली आणि तडक माझ्या दारात आली.

“काकाजी, झाड काहून तोडून राहिले जी? मे महिन्यात मी उभी कशी राहू तिथं? हातात इस्त्रीतला इंगळ, डोक्यावर उन्हाचा इंगळ. तुम्ही लिहून द्या नं मले. तुमच्यासारखं कोणाले येते?”

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. आत जाऊन पेन आणला आणि तिची हरकत लिहिली. चार ओळी. सावलीची गरज आहे, कृपया विचार व्हावा, वगैरे. ‘झाड पोकळ नाही, तपासून पाहा’ ही एक ओळ लिहिली असती तर माझाच अर्ज कोसळला असता. ती ओळ मी जाणूनबुजून गाळली. बाईनं अंगठा दिला आणि दोन्ही हात जोडले. नमस्कार घेतानाही मला लाज वाटली नाही, ती आता वाटते.

पाहणीला महापालिकेचे साहेब आले. फाइल ठेवायला सपाट जागा एकच, बाईचं टेबल. त्यांनी आमचा अर्ज आणि तिची हरकत शेजारी शेजारी ठेवली. वारा होता, तर बाईनं दोन्ही कागद तळव्यांनी दाबून धरले आणि खाली मान घालून बघत राहिली. चोराच्या मनात चांदणं! मग म्हटलं, हिला कुठं वाचता येतं.

“पोकळ आहे हे कोणी पाहिलं?” साहेबांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाईसुद्धा.

“मी पाहिलं,” मी म्हणालो. साहेबांनी खोडावर दोन थापा मारल्या आणि फाइल बंद केली.

तोडायला दोन दिवस लागले. बुंधा आडवा झाला तेव्हा मी बघायला गेलो. मधोमध, काठापर्यंत, सगळा भरीव. सुईच्या टोकाएवढंही भोक नव्हतं. करवतवाला म्हणाला, “कोन बोला रे ये पोला है?” मी घरात निघून आलो.

पाचांतली चार रोपं पहिल्याच उन्हाळ्यात वाळली. गाडी आता दुपारी अशी तापते की स्टीअरिंगला हात लावता येत नाही. “धुवा आता स्वच्छ गाडी,” बायको म्हणते.

बाईनं समोरच्या भिंतीला निळी ताडपत्री बांधून टेबल तिकडे नेलं. मे महिन्यात मी गठ्ठा घेऊन गेलो तेव्हा डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन ती इस्त्री करत होती. तोंड लालबुंद झालं होतं. तिनं गठ्ठा सोडला, चिठ्ठी काढून माझ्या हातात परत दिली.

“चिठ्ठी नका ठेवत जाऊ आता, काकाजी. कपडे तसेच ओळखू येतेत मले.”

मी चिठ्ठी खिशात घातली. “कधी समजलं तुला?”

“त्याच दिवशी. दोन्ही कागद म्याच धरले होते नं. दोन्हीत तीच शेपटी.”

“मग साहेबासमोर बोलली का नाहीस?”

तिनं कोळशावर फुंकर मारली. “मले वाटलं, आता सांगतीन काकाजी खरं, आता सांगतीन. म्हणून चूप राहिली मी.”

एवढं बोलून तिनं इस्त्री उचलली आणि माझाच शर्ट पुढं ओढला.