एक दिनार वर

माझ्याकडे बघत बघतच माझ्या मुलाने फोनवर बोट टेकवलं आणि स्वतःच्या बायकोच्या बोलीवर एक दिनार चढवला. मी गाडीत त्याच्या शेजारीच बसले होते. त्याने फोन लपवला नाही. लपवला असता तर निदान लाजतोय असं तरी म्हणता आलं असतं. वर तिसऱ्या मजल्यावर माझी सून त्याच वेळी आपल्या फोनला डोळे लावून बसली होती. तो जुना लॅपटॉप आज तरी आपल्याला मिळणार असं तिला वाटत होतं. बोलीची वेळ संपली. मुलाने फोन मांडीवर पालथा ठेवला आणि म्हणाला, "झालं."

"ह्याच्या आधीचे दोन? तेही तूच?"

"मग कोण?"

"कुठे आहेत ते?"

त्याने मान मागे वळवली. "डिकीत."

मी खाली आले होते ती गाडीत राहिलेली कांद्यांची पिशवी न्यायला. बहरीनमध्ये रिफाला आमच्या बिल्डिंगमागे पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या लागतात. जुलै महिना होता. दिवस मावळला तरी त्या शेडखाली भाजून निघायला होत होतं. दोन-तीनदा माझ्या लक्षात आलं होतं की सुनेच्या बोलीची वेळ संपत आली की ह्याला गाडीचा एसी बघायला खाली जायचं असतं. मी त्यावर विचार केला नव्हता. दार उघडून आत बसले, समोर फोन दिसला, त्यात निळं चिकटपत्र लावलेला तोच लॅपटॉप होता जो दुपारी सुनेने मला दाखवला होता. मी चौथीपर्यंत शिकलेली. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण आकडे सगळीकडे सारखेच. दुपारी जेवताना सुनेने सांगितलेला आकडा पंच्याऐंशी होता. त्याने लावले शहाऐंशी.

मी विचारलं, "का रे?"

"ती कमवायला लागली की मला विचारणार कोण?" मग म्हणाला, "आणि हरली की तिचं तोंड कसं होतं, बघितलंस ना?"

तो हसत होता. लहानपणी मांजराच्या पिल्लाला पाण्यात धरून ठेवायचा तेव्हा असाच हसायचा. तेव्हा मी त्याला मारलं होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही हे मला त्या दिवशी गाडीत कळलं.

"वर जाऊन सांगायचं तर खुशाल सांग," तो म्हणाला. "तुझा व्हिसा माझ्या नावावर आहे. तिकीट काढायला मला किती वेळ लागतो?"

मी कांदे घेतले आणि वर गेले.

आता मागचं सांगते. मुलगा हिद्दला बंदराजवळ एका गोदामात सुपरवायझर आहे. त्याच्याहून लहान माणूस त्याच्या डोक्यावर आणून बसवला, असं तो रोज सांगायचा. बसवला असेल. त्याचा राग घरात काढायला कोणी सांगितलं होतं? बाहेर मात्र त्याला मान होता. आमच्याकडच्या माणसांचा तिथे गणपती बसतो, त्याच्या कमिटीत तो आहे. शेवटच्या दिवशी देवापुढच्या नारळाचा लिलाव होतो, त्याची बोली दरवर्षी हाच पुकारतो. त्याचा आवाज मोठा आहे, आणि लोकांना चढवायला त्याला चांगलं जमतं.

सून लग्नाआधी चिपळूणला एका सीएच्या ऑफिसात कामाला होती. जुलैमध्ये तिकडे रिटर्न भरायची घाई असते. ऑफिसवाल्यांनी तिला फोन केला की घरी बसून काम कर, पुढेही कायम ठेवू. अट एकच, लॅपटॉप तुझा. आणि महिना संपायच्या आत सुरुवात हवी, नाहीतर ते दुसरी मुलगी बघणार. तीन वर्षं ती त्या फ्लॅटमध्ये नुसती बसून होती. बिल्डिंगमधल्या पोरांना गणितं शिकवून तिने थोडे पैसे साठवले होते. नवीन लॅपटॉप त्यात येत नव्हता.

लिलावाची वाट मुलानेच दाखवली. बहरीन कायमचं सोडून जाणारी माणसं फोनवर आपल्या वस्तू लिलावाला लावतात. पलंग, फ्रीज, लॅपटॉप, सगळं. तो म्हणाला, तिथे बघ, स्वस्तात मिळेल. मला तेव्हा वाटलं, बायकोसाठी काहीतरी करतोय.

सून अशी की एकदा हातात घेतलं की तळापर्यंत जाणार. व्हिडिओ बघून बघून ती शिकली. विकणाऱ्याने आधी कोणाला काही विकलंय का आणि घेणारे काय म्हणतात ते ती पहिल्यांदा वाचायची. आधी अर्धे पैसे पाठवा म्हणणाऱ्याला ती उत्तरच द्यायची नाही. लॅपटॉप चालू करून त्याचा फोटो पाठवा म्हणून मागे लागायची. एकाने नुसता झाकणाचा फोटो पाठवला, त्याला सोडलं. कंपनीचा लॅपटॉप असला तर कंपनी तो लांबून बंद करू शकते, म्हणून तसला नको. घ्यायला जायचं ते दिवसा, मॉलमधल्या कॉफीच्या दुकानात, चार माणसांत. तिथे तो टेबलावर सपाट बसतो का बघायचं, कारण बॅटरी फुगली की तो डुगडुगतो. आणि बोली लावायच्या आधी आपला शेवटचा आकडा ठरवायचा आणि मग मेलं तरी पुढे जायचं नाही.

इतकं शिकलेली बाई तो शेवटचा आकडा नवऱ्याला सांगायची. रोज जेवताना विचारायची, "अहो, ह्याला सत्तरपर्यंत गेले तर चालेल ना?" पैसे तिचे, पण विचारल्याशिवाय तिच्याने राहवायचं नाही. तो घास चावत म्हणायचा, "चालेल. पण त्याच्या पुढे एक फिल्सही नको." फिल्स म्हणजे तिकडची चिल्लर. मग आकडा घेऊन खाली जायचा.

बोली लावणाऱ्याचं नाव तिथे पूर्ण दाखवत नाहीत. पहिलं अक्षर आणि पुढे नुसत्या चांदण्या. ह्याने वेगळ्याच अक्षराने खातं काढलं होतं. दोनदा हरल्यावर सुनेने त्याला चांदणीवाला असं नाव ठेवलं. एका रात्री वाढताना म्हणाली, "त्या मेल्या चांदणीवाल्याच्या बोटांना फोड येऊ देत."

माझा मुलगा म्हणाला, "येतील, येतील. भात वाढ."

गाडीतल्या त्या संध्याकाळी मी वर आले तेव्हा ती पलंगाच्या काठावर बसली होती. म्हणाली, आई, आजचापण गेला. मी पिशवी खाली ठेवली आणि जे बघितलं ते सांगितलं. लांबण लावली नाही.

ती म्हणाली, "तुम्हाला मी काम केलेलं नको असेल तर सरळ सांगा, आई. ह्यांच्यावर कशाला घालता?"

मी काही तिची लाडकी सासू नव्हते. तिच्या कालवणाला मी नावं ठेवायचे, तिच्या माहेरालाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवावा असं काही नव्हतं. मी म्हटलं, "विश्वास ठेवू नको. बघून घे."

तेवढ्यात तो वर आला. मिळाला का, विचारलं. तिने मान हलवली. त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, वाईट वाटून घेऊ नको, दुसरा येईल.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना तिने त्याला लिलावातला आणखी एक लॅपटॉप सांगितला. चाळीसपर्यंत जाणार म्हणाली. तो बरं म्हणाला. संध्याकाळी तो खाली गेल्यावर ती फोन घेऊन माझ्या खोलीत आली आणि माझ्या पलंगावर बसली. तो लॅपटॉप मेलेला होता. खाली इंग्रजीत साफ लिहिलं होतं की पडदा फुटलाय, चालू होत नाही, फक्त आतल्या भागांसाठी विकायचा. तिने मला वाचून दाखवलं. त्या लॅपटॉपवर दुसऱ्या कोणाचीही बोली नव्हती. कोण लावणार?

तिने पाच लावले. चांदण्या सहावर आल्या. तिने दहा लावले, चांदण्या अकरावर. वीस, एकवीस. तिचा अंगठा तेवढा हलत होता. चाळीस लावले आणि थांबली. चांदण्या एक्केचाळीसवर आल्या, आणि वेळ संपली.

खाली काय लिहिलंय ते माझ्या मुलाने वाचलंच नव्हतं. त्याला फक्त तिचा आकडा हवा होता.

तो वर आला. "मिळाला?"

"नाही," ती म्हणाली.

"जाऊ दे."

तिने त्याला पान वाढलं. त्याला तळलेल्या बांगड्याचा मधला तुकडा आवडतो, तो दिला. मी समोर बसले होते. मला तिची भीती वाटली.

शुक्रवारी सुट्टी. जेवून तो झोपला की पाचपर्यंत उठत नाही. तिने फ्रीजवरची किल्ली घेतली, मी बरोबर गेले. डिकीच्या झाकणाला हात लाववत नव्हता, तिने हाताला ओढणी गुंडाळून ते उघडलं. एका जुन्या चादरीखाली चारही होते. घेतले नाहीत तर खातं बंद होतं, मग पुढची बोली लावता येत नाही, म्हणून तो प्रत्येक वेळी पैसे भरून आणत होता. वापरायचे नव्हतेच. तिने एकेक ओळखला. ह्याचं एक बटण गेलंय. ह्याच्या कोपऱ्याला पोचा आहे. हा निळ्या चिकटपत्राचा. इतके दिवस फोटो बघून तिला ते आपल्या हाताच्या रेषांसारखे पाठ झाले होते. पहिले दोन उन्हात राहून राहून फुगले होते, झाकण मिटत नव्हतं. मेलेला सगळ्यात वर होता.

तिने ते कपड्यांच्या टबात घालून वर आणले. फुगलेले दोन गॅलरीत लादीवर ठेवले, बाकीचे जेवणाच्या टेबलावर, आणि खुर्चीत बसून राहिली. निळा गार होईपर्यंत तिने त्याला हात लावला नाही.

तो उठून बाहेर आला. टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मीही त्याच्याकडे बघितलं.

"ते माझे आहेत," तो म्हणाला. "मी पैसे भरलेत."

"हो," सून म्हणाली. "निळा कितीला देता?"

त्याला ती थट्टा वाटली. तो खुर्ची ओढून समोर बसला. "नव्वद," म्हणाला.

"आधी बघून घेते."

मग तिने त्याच्यासमोर तो लॅपटॉप तपासला. परक्या माणसाकडून घेताना जे जे करायचं शिकली होती ते सगळं केलं. टेबलावर सपाट ठेवून चार कोपऱ्यांवर बोट दाबलं. चार्जर लावला, काढला, परत लावला. एकेक बटण दाबून अक्षर उमटतं का बघितलं. कॅमेऱ्यात तिचं तोंड आलं, मागे त्याचंही आलं. तिने त्याला विचारलं, आधीच्या मालकाचं खातं काढलंय का? त्याला माहीत नव्हतं, त्याने तो उघडूनही बघितला नव्हता. तिने स्वतः बघितलं. काढलेलं होतं. हे सगळं होईपर्यंत ती त्याच्याशी परक्यासारखं, अदबीने बोलत होती, जशी कॉफीच्या दुकानात कोणा साहेबाशी बोलली असती. तिने मारलं असतं तरी त्याला चाललं असतं. हे त्याला सोसेना.

"पंच्याऐंशी," ती म्हणाली. "माझा शेवटचा आकडा तोच होता. पुढे एक फिल्सही नको, तुम्हीच सांगितलंत."

"मग नाही देत. पडू दे गाडीत, फुगू दे."

तिने लॅपटॉप मिटला आणि त्याच्यापुढे सरकवला. महिना संपत आला होता आणि दुसरा बघायला वेळ नव्हता, हे त्या टेबलावर तिघांनाही माहीत होतं.

तेव्हा मी बोलले. म्हटलं, "पंच्याऐंशीला दे. नाहीतर गणपतीत तू नारळाची बोली पुकारायला उभा राहिलास की मीपण उभी राहीन. घरात बोली कशी लावतोस ते सगळ्यांपुढे सांगेन."

"तू माझी आई आहेस का कोण?"

"आई आहे. म्हणून लोक ऐकतील."

त्याने पैशांसाठी हात पुढे केला. सुनेने आतून पैसे आणले. पोरांच्या शिकवणीचे, बरेचसे एकेक दिनारचे. त्याने ते स्वतःच्या बायकोकडून घेतले, मोजले, पुन्हा मोजले आणि खिशात घातले. मोजताना त्याने बोटाला थुंकी लावली. माझ्या पोटचा माणूस.

तिने सोमवारी काम सुरू केलं. त्याच आठवड्यात माझं तिकीट आलं, गणपतीच्या आधीचं. मी भांडले नाही. व्हिसा त्याचा होता. विमानतळावर सोडताना तो म्हणाला, गावी हवा चांगली असते. सून आली नव्हती, तिचं काम चालू होतं. निघताना तिने मला भाकऱ्या बांधून दिल्या.

ह्या वर्षीही नारळाची बोली त्यानेच पुकारली. सुनेने फोनवर सांगितलं. ती बायकांमध्ये बसली होती आणि लोक त्याच्या आवाजाचं कौतुक करत होते. घरी आता तो तिच्याशी कामापुरतं बोलतो. टेबलावर लॅपटॉप असला की मुद्दाम तिथेच जेवायला बसतो आणि आमटी सांडतो. रात्री झोपताना ती तो उशाखाली घेते.

मी इथे गावात आहे, मला काही झालेलं नाही. मुलालाही काही झालेलं नाही. ज्या बाईला हे झालं ती माझी सून, आणि ती अजून त्याच घरात राहते.