आत्याची लांबलेली टेप

आमच्या गल्लीत कुणाचे कपडे अंगाला नीट बसलेले दिसले, की खुशाल समजावं, ते आत्याने शिवलेत. पण गेल्या वर्षापासून तिचे डोळे कुरकुर करू लागले. घरात ट्यूबलाइटखाली सुईचं नाकं दिसेना, आणि मशीन दारापुढच्या फरशीवर आणावं तर दुपारचं ऊन डोळ्यांत घुसे. शेवटी माझ्या आतेभावाने कोपऱ्यावरच्या टेलरला मशीन द्यायचं परस्पर कबूल करून टाकलं. टेलर रविवारी संध्याकाळी ते न्यायला येणार होता.

हे कळल्यावर आत्या आधी दारापुढची फरशी बघून आली. मग म्हणाली, "दारापुढे कापडी छत घालू. सावलीत बसून शिवता आलं, तर मशीन कुठेही जाणार नाही. नाही आलं, तर मीच गाडीवर चढवून देईन."

त्यानंतर तिचा पाय काही घरात ठरेना. उजेड झिरपेल असं सायीच्या रंगाचं जाड कापड तिने स्वतः निवडलं आणि माझ्याकडून दोरा ओवून घेत स्वतः शिवलं. लोखंडी चौकट तेवढी वेल्डरकडे दिली. तो माप घ्यायला येतो म्हणाला, तर बाईंनी नाक मुरडलं. "माप मी सांगते, तुम्ही फक्त कापा. सगळं आयुष्य मापं घेण्यात गेलंय माझं."

रविवारी मी सकाळपासून तिथे ठाण मांडून बसले होते. असली मजा सोडवते कुणाला? दुपारी वेल्डर आला, ड्रिल सुरू झालं, भिंतीची भुकटी आमच्या केसांत बसली आणि चौकट दिमाखात वर चढली. आम्ही कापड ताणायला घेतलं, आणि आत्याचा चेहरा उतरला. खिडकीकडच्या टोकाला चांगलं चार-पाच बोटं कापड लोंबत होतं. त्याच टोकाच्या फटीतून उन्हाची एक पट्टी खाली आली होती आणि बरोबर तिथे मांडून ठेवलेल्या मशीनच्या सुईवर पडली होती.

"काकू, कापड मोठं झालंय," वेल्डर शिडीवरून म्हणाला. "जास्तीचं कापून टाका, म्हणजे मोकळे."

"आई, जाऊ दे ना आता," आतेभाऊ म्हणाला. तो वाईट नाही, त्याला फक्त सगळ्याची घाई.

आत्याने कात्री उचलली. कात्री कापडाला टेकली आणि तिथेच थांबली.

"कापड कापून ऊन थोडंच जाणार आहे?" असं म्हणत तिने गळ्यातली टेप काढली आणि भिंत मापली. सांगितलं होतं तेवढंच माप आलं. मग वेल्डरची पोलादी टेप मागून घेतली. तिच्यावर तीच भिंत चार इंच जास्त भरली. आत्याने दोन्ही टेपा शेजारीशेजारी धरल्या. तिची कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून ओढून चांगली लांबली होती.

"म्हणजे इतकी वर्षं तू सगळ्यांची मापं चुकीची घेतलीस?" आतेभाऊ म्हणाला.

"चुकीची कशी? अंगही हिनेच मापलं, कापडही हिनेच. कुणाचा कपडा परत आला का?" आत्या म्हणाली. "भिंत आणि कापड माझ्या टेपचं, चौकट यांच्या टेपची. घोळ तिथे झाला. कापड बरोबर आहे. चौकट वाढवा."

वेल्डरने डोकं खाजवलं, मग हसू आवरेना त्याला. गाडीत उरलेला पाइप होताच. त्याने वेल्डिंगच्या झगझगाटाकडे बघू नका म्हणून बजावलं, म्हणून आम्ही सगळ्यांनी बोटांच्या फटीतून बघितलं. घाईवाला आतेभाऊ आता स्वतः शिडी धरून उभा होता आणि वेल्डरला सावकाश करा म्हणून सांगत होता. कापड पुन्हा ताणलं, तर सुरकुतीसुद्धा नाही. उन्हाची पट्टी सुईवरून सरकली, फरशीवर गेली, आणि फरशीवरूनही गेली. मला तर तिथेच नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात कोपऱ्यावरचा टेलर हातगाडी घेऊन आला. आत्याने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मशीनपुढे बसली आणि दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. पहिल्यांदा दोरा सुईच्या बाजूने गेला. तिने टोक पुन्हा ओलं केलं. दुसऱ्यांदा तो नाक्यातून आरपार गेला.

"मशीन न्यायला आलो होतो," टेलर म्हणाला.

"ते चालू आहे," आत्या म्हणाली आणि तिने पाय मारला.