पाऊण किलो शिसं

सिंदेवाहीकडचा सोमाजी रामटेके चंद्रपूरजवळच्या एका कोळसा खाणीत एकतीस वर्षं केबलचे जोड देत होता. शिशाच्या आवरणाची जुनी केबल जोडायची म्हणजे वितळलेला डाख जोडावर ओतायचा आणि गोठायच्या आत चरबी लावलेल्या जाड कापडाने फिरवून गोल बसवायचा. एक भाग कथील, दोन भाग शिसं असलं, की डाख घट्ट आंबिलीसारखा बराच वेळ हाताखाली वळतो. सोमाजीला हे पोळलेल्या बोटांनी शिकवलं होतं.

निवृत्तीला चार महिने उरले आणि नवे इंजिनिअर प्रणित साहेब आले. त्यांनी साठ टक्के कथलाचा डाख मागवला. महाग तोच चांगला, एवढीच त्यांची अक्कल. खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपाची केबल तुटली तेव्हा सोमाजीने तो ओतून पाहिला. अर्धा पाण्यासारखा खाली पळाला, उरलेला कापड टेकवेपर्यंत कडक झाला.

"साहेब, याले हात फिरवाले वेळच भेटत नाई. जुनाच मागवा ना."

"भाऊ, सगळीकडे हाच वापरतात."

खाली पाणी चढत होतं. सोमाजीने जुन्या केबलचं आवरण सोलून किलोमागे पाऊण किलो शिसं त्यात मिसळलं. जोड झकास बसला, पंप सुरू झाला. चूक एवढीच, की त्याने कुणाची परवानगी घेतली नाही.

महिन्याने तपासणीत उरलेल्या डाखात कथील असायला हवं त्याच्या जवळपास निम्मंच निघालं. म्हणजे म्हाताऱ्याने डाखाच्या चांगल्या कांड्या विकून शिसं भरलं, असं चौकशीतल्या शहाण्यांनी ठरवून टाकलं. सोमाजीने त्यांच्यासमोर दोन्ही डाख ओतून दाखवले. एक पळाला, एक वळला. तिथेच बसलेल्या प्रणित साहेबांना कळलं होतं, ते तोंडावरच दिसत होतं.

संध्याकाळी त्यांनी त्याला बाजूला घेतलं. "शिसं किती टाकलं होतं, भाऊ?"

"किलोले पाऊण."

आता साहेब खरं बोलतील, या आशेने सोमाजीने डाख किती तापवायचा, हात कसा फिरवायचा, तेही सांगितलं. साहेबांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. पुढच्या आठवड्यात एकास दोन प्रमाणाचा डाख मागवला गेला, साहेबांच्या शिफारशीने. आणि त्यांच्याच सहीचं पत्र सोमाजीच्या हातात पडलं: चोरीच्या ठपक्यासह सेवामुक्त.

बायकोला, केसरबाईला, पत्र वाचून दाखवताना त्याने 'चोरी' हा शब्द गाळला. तिने तो शेजारणीकडून सकाळीच ऐकला होता.