रबरी मुठीची पक्कड

"का रे, तुझा बाप मेलेली ढोरं ओढायचा, तेव्हा हातमोजे घालायचा का?"

ठेकेदाराचा साहेब हसत बोलला. मी हात पुढं करून उभा. त्याच्यासमोर पेटी उघडी. आत रबरी मुठींच्या पकडी, कोऱ्या. मी त्यातली एक मागितली होती. एवढंच.

बाकीचे वायरमन हसले. पाटलाच्या गिरणीत भात भरडायला आलेली माणसंही हसली. साहेबानं पेटी मिटली. खाली पडलेली नुसत्या लोखंडाची पक्कड पायानं माझ्याकडं सरकवली.

"ही घे. तुमची कातडी जाड असते."

मी वाकलो. उचलली.

मुळशीत तेव्हा गावोगाव खांब उभे राहत होते. धरण आमच्या डोंगरात, जुनी गावं पाण्याखाली, आणि वीज इतकी वर्षं मुंबईला. आता कुठं ती पौडाच्या आसपास दिसू लागली होती. मी ठेकेदाराकडं विजेच्या लायनीवर कामाला लागलो होतो. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर माझ्या बापानं ढोरं ओढायचं सोडलं. त्या साली गावानं त्याला धान्याच्या वाट्यासाठी कुणाच्या खळ्यावर उभं केलं नाही. साहेब पुण्याचा, पण हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून तर नेमकं तेच बोलला.

मुकादम मला बाजूला घेऊन म्हणाला, "राग नको धरू. तुजा हात लागला तर ही मानसं ती पक्कड धरायची न्हाईत. मग काम थांबंल."

खांब एकच. तार एकच. झटका बसायचा तो जात विचारून बसत नव्हता. पकडी तेवढ्या वेगळ्या.

माझ्याबरोबर सोमा होता. कातकरवाडीतला. त्यालाही लोखंडीच पक्कड. त्यानं कुठूनशी सायकलची फाटकी ट्यूब आणली, मुठीला गुंडाळली, वर सुतळी बांधली. "झालं रबर," म्हणाला. ट्यूबला जागोजाग भेगा होत्या.

गिरणीजवळच्या खांबावरून पाटलाच्या भावाच्या घराला वीज जोडायची होती. आदल्या संध्याकाळी अवकाळी पडून गेला होता. खांब ओला, शिडी ओली. सोमा म्हणाला, "साहेब, लाईन बंद करा."

साहेबानं पाटलाकडं पाहिलं.

"गिरण बंद व्हायची न्हाई," पाटील म्हणाला. "मानसं खोळंबल्यात."

"चालू लायनीवर होईल," साहेब म्हणाला. "चढ."

सोमा चढला. मी खाली शिडी धरून. गिरणीची धडधड सुरू होती, तरी मला वरच्या तारेची गुणगुण ऐकू येत होती. का कुणास ठाऊक, सारखं वर बघावंसं वाटत होतं आणि बघवतही नव्हतं.

मग त्याचा हात पकडीला आणि पक्कड तारेला चिकटली. तो ओरडला नाही. तोंड उघडं, आवाज नाही. जळक्या ट्यूबचा वास खाली आला.

"फ्यूज काढा! फ्यूज!"

मुकादम धावला. फ्यूज ओढला. गिरण थांबली. त्या शांततेत सोमा कमरेच्या पट्ट्याला लोंबत होता.

जगला. पुण्याच्या दवाखान्यात त्याच्या उजव्या हाताची बोटं काढली. मी भेटायला गेलो, तेव्हा बायको त्याला घास भरवत होती. घास गिळून त्यानं विचारलं,

"ती जोडनी तशीच ऱ्हायलीय का?"

"व्हय."

"मग आता तुला चढवतील."

तसंच झालं. साहेब म्हणाला, "त्याचा हात ओला होता. त्याची चूक." आणि तीच पक्कड पुढं केली. मुठीला काळी ट्यूब अजून चिकटलेली. गिरण चालूच.

मी ती घेतली नाही.

"लाईन बंद करा. काढल्याला फ्यूज माज्या हातात द्या. रबरी मुठीची पक्कड द्या. मंग चढतो."

"मला हुकूम करतोस?"

"व्हय."

पाटील थुंकला. "लई माजल्यात हे."

मी शिडी आडवी केली. तिच्यावर बसलो. साहेबानं सोमाच्या मेव्हण्याला हाक मारली. तोही लायनीवर होता. त्यानं जळक्या पकडीकडं पाहिलं, मिटलेल्या पेटीकडं पाहिलं, आणि माझ्याशेजारी येऊन बसला. दोघांनाही तिथंच कामावरून काढलं आणि शिडीवरून उठवलं.

मग साहेबानं आपल्यातला वायरमन चढवला. त्याच्या हातात रबरी मुठीची पक्कड. तो म्हणाला, "लाईन बंद करता ना?" साहेबानं मान हलवली. गिरण थांबली. पाटलानं खोळंबलेल्या माणसांना थांबायला सांगितलं.

म्हणजे होत होतं. सगळं होत होतं. फक्त आमच्यासाठी होत नव्हतं. ते पाहिलं आणि मी पुढच्या गावच्या खांबाकडं चालू लागलो.

त्यानंतर मी मुळशीतल्या खांबाखांबापाशी गेलो. रबरी मूठ माणसाला अमर करत नाही, हे मला कळतं. आधी लाईन बंद करायची, मग पकडीला हात लावायचा. चढणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारत आलो. लाईन बंद हाय का? मूठ रबराची हाय का? नसली तर खाली ये. दोनदा मार खाल्ला. घर जाळू, असा निरोप आला. विचारणं सोडलं नाही.

आमच्या वस्तीला अजून वीज नाही. येईल तेव्हाही नुसतं लोखंड हातात देऊन कुणाला खांबावर चढू देणार नाही. मग अंधारात राहावं लागलं तरी चालेल.