नायजेरियाचे वजा तीन

पावसाळ्याच्या दिवसांत आमच्या हमरापूरच्या कारखान्यात पाऊल टाकलं, की दीड-दोनशे पांढरेशुभ्र गणपती समोर ओळीनं बसलेले असत आणि त्यांतला एकही तुमच्याकडे बघत नसे... बघणार कसा, कुणाला डोळेच नसत. ओल्या प्लास्टरचा गार वास, रंगात कालवलेल्या गोंदाचा आंबूस वास, मूर्ती सुकवायला पेटवलेल्या शेगडीचा धूर, आणि या सगळ्याच्या मधोमध, खिडकीखालच्या उजेडात पाटावर बसलेली सुमनआत्या, बाबांची थोरली बहीण. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवून, श्वास रोखून ती एकेका गणपतीचे डोळे काढायची. या कामाला आमच्याकडे आखणी म्हणतात आणि ते शंभरात एखाद्यालाच साधतं. कारखाना म्हणजे तरी काय, घराला लागून काढलेली पत्र्याची पडवी. पण हमरापुरात तिला कारखानाच म्हणायचं, नाहीतर लोक रागावतात.

मी सातवीत होते. चित्रकलेत माझा हात उत्तम होता आणि गणितात डोकं तितकंच बंद. त्यात त्या वर्षी ऋण संख्या आल्या. बाई फळ्यावर थर्मामीटर काढून शून्याखालचा पारा दाखवायच्या. आता आमच्या खाडीकाठी शून्याखाली गेलेला पारा कुणाच्या बापानं बघितला होता? सहावीला मी काठावर पास झालेली, त्यामुळे बाबांनी निकाल देऊन टाकला. “ह्या वेळच्या गणिताच्या चाचणीत नापास झालीस तर शाळा पुरे. आत्याजवळ बस, आखणी शीक.” आत्याची नजर तेव्हा अधू होऊ लागली होती आणि तिच्यामागे हे काम करणारं घरात कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं एक बारीक ब्रश धुऊन माझ्यासाठी वेगळा काढून ठेवलेला मी पाहिला.

बाबा धाटावला केमिकल कंपनीत होते. आठवडाभर रोह्याला खोलीवर राहून शिफ्ट करायचे, आणि सुट्टीला एसटीनं घरी येताना कॅन्टीनमधली इंग्रजी रद्दी सुतळीनं बांधून आणायचे, कारण मूर्ती मुंबईला धाडताना सोंड, हात, मुकुट कागदात गुंडाळावे लागतात. ते साल नव्याण्णव. क्रिकेटचा विश्वचषक नुकताच आटोपला होता, आणि त्या पानांच्या तळाशी, जाहिरातींच्या वर, बोटभर जागेत अमेरिकेत चाललेल्या बायकांच्या फुटबॉल विश्वचषकाचे निकाल येत. एकदा फोटोही आला – केस घट्ट बांधलेली, चेंडूमागे धावणारी एक खेळाडू. आत्या हातातला ब्रश ठेवून बघत राहिली.

“ह्या बाया देशासाठी खेळतात?”

“व्हय.”

“आन् घरचे सोडतात त्यांना?”

त्या दिवसापासून आम्हा दोघींना त्या बायकांचं वेड लागलं. अमेरिका, नायजेरिया, उत्तर कोरिया, डेन्मार्क असा एक गट मी निवडला. चार संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ, म्हणजे सामने सहाच – हे बोटांवर मोजून मला स्वतःलाच सापडलं, तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो. रद्दी उलटसुलट यायची, त्यामुळे आमच्याकडे नंतरचा सामना आधी व्हायचा आणि आधीचा आठवड्यानं. तरी पाच निकाल कापून वहीत चिकटवले. सहावा, नायजेरिया आणि डेन्मार्कचा, शाळेतून आल्यावर वाचू म्हणून बाजूला ठेवला... आणि येऊन बघते तर आत्यानं ते पान एका गणपतीच्या सोंडेला गुंडाळून टेम्पो मुंबईला रवाना केलेला.

मी भोकाड पसरलं.

“रडतेस कशाला गो?” आत्या ओशाळून म्हणाली. “दुसऱ्या पानावर कायतरी आसंल.”

होतं. गठ्ठ्याच्या तळाशी गटाचा पुरा तक्ता निघाला : कुणी किती गोल घातले, किती खाल्ले. नायजेरियाचे घातलेले पाच, खाल्लेले आठ. आधीच्या दोन सामन्यांत तिनं अमेरिकेवर एक घालून सात खाल्ले होते, कोरियावर दोन घालून एक खाल्ला होता. म्हणजे घातलेल्यांतले उरले दोन, खाल्लेल्यांतलं काहीच नाही. दोन-शून्य! डेन्मार्कच्या बाजूनं मोजलं, तरी तेच आलं. मुंबईला गेलेला सामना आम्ही पडवीत बसून परत आणला होता.

मग मी घातलेल्यांतून खाल्लेले वजा करू लागले. अमेरिकेचे तेरातून एक, बारा. नायजेरियापाशी अडले. “पाचातून आठ जात नाहीत.”

“न जायला काय झालं? आठ खाल्ले, पाच घातले, तीन अंगावर राह्यले.”

वजा तीन. कोरियाचे वजा दोन, डेन्मार्कचे वजा सात. चौथी शिकून घरी बसवलेली माझी आत्या ते आकडे बोटांवर मोजून म्हणाली, “ह्या तिघींचे मिळून बारा. आन् अमेरिकेचेबी बाराच. अगो, एकीनं घातला तोच दुसरीनं खाल्ला. मंग सगळं मिळून उरंल काय? कायच नाय.”

थर्मामीटरनं महिनाभर जे केलं नव्हतं ते एका वाक्यात झालं. आणि त्याहून गंमत म्हणजे वजा तीन घेऊनही, दोन सामने जिंकल्यामुळे, नायजेरिया गटात दुसरी आली होती, पुढच्या फेरीत गेली होती. शून्याच्या खाली असूनही पुढे जाता येतं, हे कळल्यावर मी पडवीभर नाचले.

चाचणीत पंचवीसपैकी एकवीस मिळाले. पेपर फडकवत मी कारखान्यात शिरले. आत्यानं तो डोळ्यांच्या अगदी जवळ धरून वाचला, हसली, माझ्या पाठीवर रंगानं माखलेला हात ठेवला. मग म्हणाली, “म्हंजी तू आता नाय बसायची माझ्याजवळ.”

“नाय!” मी ओरडले आणि मैत्रिणींना सांगायला बाहेर पळाले.

आज मी रोह्याच्या एका शाळेत गणित शिकवते. ऋण संख्या आल्या, की फळ्यावर चार संघांचा तक्ता काढते आणि मुली माझ्याआधी वजा सांगून मोकळ्या होतात. आत्याला जाऊन काही वर्षं झाली. तिला माझं नापास होणं हवं होतं आणि तिनंच मला पास केलं, हे कळायला मला फार उशीर लागला. त्या दिवशी मी तशी पळाले, याची लाज अजून वाटते. पुढे तिला आखणी दिसेनाशी झाली, तेव्हा पेणहून एक जण येऊन डोळे काढू लागला, आणि ती नुसते रंग कालवून देऊ लागली. सुट्टीत मी गेले, की मला समोर बसवून घ्यायची आणि विचारायची, “शाळेत काय शिकवलंस गो?” मी सांगत राहायचे, ती ऐकत राहायची. आखणीचा विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही.