अण्णांच्या स्कूटरचं दुखणं

सामंत अण्णा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्याच्या दारात मालकाशी हुज्जत घालत होतो. त्यानं आमच्यासाठी बनवलेले भाग मापात बसत नव्हते आणि तो ‘सर, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’, जरा सांभाळून घ्या, म्हणत माझी समजूत काढत होता. आतून कुणीतरी फोन आहे म्हणून हाक मारली. फोनवर अक्का होत्या, अण्णांच्या पत्नी. त्या रडत नव्हत्या. ‘जेवले, पेपर घेऊन खुर्चीत बसले, चहाला हाक मारली तर उठलेच नाहीत. तू ये,’ एवढंच म्हणाल्या. खरं सांगतो, दुःख नंतर आलं. आधी आली ती भीती. एक गोष्ट सात वर्षं सांगायची राहिली होती, आणि आता अण्णांच्या हयातीत ती सांगणं कायमचं राहून गेलं… रिक्षात बसल्यावर माझ्या मनात एवढंच होतं. स्मशानात फौंड्रीचे निवृत्त फोरमन जोसेफ फाटकाजवळ एकटेच उभे होते, पांढरा शर्ट, हातात टोपी. सगळं उरकेपर्यंत थांबले आणि कुणाशी न बोलता निघून गेले. मी खांबाआड झालो. वीस वर्षांची त्यांची आणि अण्णांची मैत्री माझ्यामुळे तुटली होती, आणि हे मला आणि अण्णांनाच ठाऊक होतं. निदान माझी तशी समजूत होती.

आमचा कारखाना सरकारी. टूलरूममध्ये अण्णा तपासनीस होते आणि मी त्यांच्या हाताखाली आलो तेव्हा नवा कोरा इंजिनियर, एक वर्षाच्या प्रोबेशनवर. बेंगळुरूला माझं कुणी नव्हतं. अण्णांचं घराणं दोन पिढ्यांपासून इथलं, त्यांच्या मराठीत दर तिसरा शब्द कन्नड. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, ‘कुठला रे तू?’ मी कोल्हापूर म्हटलं, आणि त्या क्षणापासून माझं नाव पुसलं गेलं. शेवटपर्यंत मी ‘कोल्हापूर’च राहिलो. कोल्हापूरचा म्हणजे फुटबॉल कळणारच, असं त्यांनी गृहीत धरलं आणि टूलरूमच्या संघाचा मला आपला मदतनीस करून टाकलं. कळणारच, असं मीही गृहीत धरलं होतं. खेळलो होतो शाळेच्या दुसऱ्या संघात, पण शेखी अशी मिरवायचो की जणू आख्खी पेठ माझ्या खांद्यावर होती.

टूलरूमचा संघ दरवर्षी शेवटचा येई. आमच्याकडे मापं घेणारी माणसं, फोर्जकडे घण घालणारी. शेवटी क्रीडा समितीनंच तोडगा काढला. सगळ्या विभागांच्या खेळाडूंची नावं एका फळ्यावर लिहायची आणि सहा संघांनी पाळीपाळीनं एकेक उचलायचा. गेल्या वर्षी जो शेवटचा, त्याचा पहिला नंबर. म्हणजे आमचा. आणि फळ्यावर सर्वांत वर नाव होतं सेल्वमचं. हा फोर्जमधला पोरगेला कामगार डाव्या पायानं असा चेंडू मारायचा की गोलकीपर नुसता वळून बघायचा. मी आठवडाभर हवेत होतो. फळ्यापुढे उभं राहायचं आणि ‘सेल्वम’ म्हणायचं, त्यात विचार करण्यासारखं आहेच काय?

अण्णांनी विचार केला होता. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला कॅन्टीनमध्ये जोसेफांच्या टेबलाशी नेलं. जोसेफ बेंगळुरूच्याच शिवाजीनगरचे, जन्मभर फुटबॉल बघितलेले, आणि अण्णांचे जिगरी दोस्त. त्यांच्या फौंड्रीचा दुसरा नंबर होता आणि त्यांना सेल्वम हवाच होता. दोघांनी ठरवून टाकलं होतं. आम्ही पहिला नंबर फौंड्रीला द्यायचा. त्यांचा दुसरा नंबर आम्ही घ्यायचा, वर दुसऱ्या फेरीतली त्यांची पाळीही आमची. बदल्यात शेवटच्या फेरीतली आमची पाळी त्यांना, म्हणजे माणसं दोघांची सारखीच. मी हातातला घास परत ठेवला. ‘अण्णा, सेल्वम सोडायचा म्हणजे येडेपणा आहे. असला गडी दहा वर्षांत एकदा मिळतो,’ मी म्हणालो. ‘तो दोन गोल मारेल,’ अण्णा शांतपणे म्हणाले, ‘आणि आपले बॅक चार खातील. मला ते पेंट शॉपचे दोघं बॅक पाहिजेत. टेबलाचा एक पाय सोन्याचा केलास तरी बाकीचे आखूड असले की ते डुगडुगणारच ना रे?’ मग त्यांनी आणि जोसेफांनी हात मिळवले. कागद नाही, सही नाही. वीस वर्षांत त्या दोघांनी एकमेकांना काही लिहून दिलेलं नव्हतं.

निवड शनिवारी होती आणि अण्णांना त्याच दिवशी अक्कांच्या भाचीच्या लग्नाला धारवाडला जायचं होतं. त्यांच्या जागी निवडीच्या टेबलाशी मी बसणार होतो. क्रीडा समितीच्या सेक्रेटरींनी विचारलं, ‘टूलरूम, काही अदलाबदल?’ नियमच होता, नंबर ज्याचा त्यानं सांगायचं. जोसेफ माझ्याकडे बघून हसले, पेनाचं टोपण काढून तयार बसले होते. मी उठलो. शपथेवर सांगतो, उठेपर्यंत मी ‘हो’च म्हणणार होतो. पण समोर फळा होता, फळ्यावर सगळ्यात वर ते नाव होतं… ‘नाही,’ मी म्हणालो. ‘टूलरूम सेल्वमला घेतं.’ जोसेफांनी पेनाला टोपण लावलं. त्यांना एवढा धक्का बसला की आपल्या पाळीला त्यांनी गुडघा दुखावलेल्या माणसाचं नाव घेतलं.

सोमवारी सकाळी ते टूलरूममध्ये आले. मी अण्णांच्या शेजारीच उभा होतो. जोसेफांचा राग कारखानाभर प्रसिद्ध होता. माझं नाव वर कळवलं असतं तर प्रोबेशनमधल्या माणसाचं काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. ‘सामंत, तुझा शब्द?’ त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. अण्णांनी हातातलं मायक्रोमीटर खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘धारवाडहून मीच फोन केला याला,’ ते म्हणाले, ‘माझंच मन फिरलं. माफ कर.’ ‘ट्वेंटी इयर्स,’ जोसेफ म्हणाले आणि गेले. मी मूग गिळून बसलो. अण्णा मला फक्त म्हणाले, ‘सरी, ठीक आहे. आता त्या सेल्वमला नीट खेळव.’

आम्ही तिसरे आलो. सेल्वमनं धडाधड गोल मारले आणि आम्ही त्याहून जास्त खाल्ले, उपांत्य सामन्यात तर बरोब्बर चार. सेल्वम सोडला असता तर अण्णांच्या हिशेबानं आम्ही पहिले आलो असतो, माझ्या हिशेबानं सहावे. यावर आम्ही सात वर्षं भांडलो. डबा उघडला की सुरू, ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या घरी. पहिला नंबर सोडावा की धरावा? एक मोठा गडी बरा की दोन बरे? अण्णा चपातीचे तुकडे मांडून मैदान करत आणि वाद हरायला आला की मी त्यांचा स्टॉपर खाऊन टाकत असे. पण त्या शनिवारविषयी अवाक्षर नाही. एकदा मीच चाचरत विषय काढला तर म्हणाले, ‘नंबर द्यावा की नाही, हा खेळाचा प्रश्न. त्यावर मी मरेपर्यंत भांडेन. दुसरा प्रश्न माझा नाही, तुझा आहे.’ दुसरा प्रश्न म्हणजे जोसेफ. कॅन्टीनमध्ये आता दोघं दोन टोकांना बसत. मी दिसलो की हा एकीकडे तोंड फिरवी, तो दुसरीकडे. प्रोबेशन संपलं, नोकरी पक्की झाली, तरी धीर झाला नाही. दोन-तीनदा फौंड्रीच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. भित्रा होतो, दुसरं काय.

एवढं मात्र झालं की त्यानंतर मी कुणाला दिलेला शब्द फिरवला नाही. बायको म्हणते अति करतोस. एकदा कोरमंगलात नव्यानं राहायला आलेल्या मित्राला सामान लावायला येतो म्हटलं होतं, तर तापानं फणफणलेला असताना दोन बस बदलून गेलो आणि त्याच्याच गादीवर पडून राहिलो. अण्णांना हे कळलं तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. का ते मला तेव्हा कळलं नाही.

अण्णांची दुसरी एक गंमत म्हणजे त्यांची निळी स्कूटर. ती कायम आजारी. दर गुरुवारी शिफ्ट सुटली की ते शिवाजीनगरला जात, स्कूटर दाखवायला. आज क्लच, पुढच्या आठवड्यात कार्बोरेटर, मग पुन्हा क्लच. ‘अहो, मी इंजिनियर आहे, एकदा मला बघू द्या,’ म्हणालो तर म्हणत, ‘तुला नाही कळायचं तिचं दुखणं.’ निवृत्त झाल्यावरही गुरुवार चुकला नाही. मी चिडवायचो, ‘अण्णा, एवढ्यात नवी आली असती.’ ते ताकास तूर लागू देत नसत.

अण्णा जाऊन तीन आठवडे झाल्यावर अक्कांनी मला बोलावून किल्ली हातात ठेवली. ‘गाडी तू ने. मला काय करायची?’ म्हणाल्या. मग जरा थांबून, ‘येत्या गुरुवारी शिवाजीनगरला दाखवून घे एकदा. संध्याकाळी जा. बसस्टँडमागे मुस्तफाचं गॅरेज आहे.’ वर धपाट्यांचा डबाही दिला. गॅरेजला डबा कशाला, असं मी विचारलं नाही. दुःखातल्या माणसाला काय विचारायचं?

मुस्तफानं स्कूटर ओळखली, अण्णांसाठी दोन शब्द हळहळला आणि एका किकमध्ये चालू करून दाखवली. ‘इसकू क्या हुआ? कबी कुछ बी नै हुआ, साब,’ तो म्हणाला. ‘अण्णा तो खाली इधर खडी करते थे. बैठते उधर थे.’ त्यानं रस्त्यापलीकडच्या कॉफीच्या हॉटेलकडे बोट दाखवलं. आत, भिंतीकडेच्या टेबलाशी, जोसेफ बसले होते.

पुढ्यात दोन पेले. बेंगळुरूत एका कॉफीचे असे दोन भाग करून देतात, वन बाय टू म्हणतात त्याला. ‘बैठो,’ ते म्हणाले. ‘तीन थर्सडे लेट.’ मी बसलो आणि बोलायला लागलो. फळा, टोपण, ‘नाही’ म्हणालो ते, धारवाडचा फोन कधी आलाच नव्हता ते. सात वर्षांचं दोन मिनिटांत संपलं. जोसेफांनी डबा आपल्याकडे ओढला, झाकण उघडलं आणि धपाट्याचा तुकडा तोडला. ‘मालूम है,’ ते म्हणाले. ‘चार महीने में मालूम हुआ.’

मग त्यांनी सगळं सांगितलं, त्यांच्या हिंदी-इंग्रजीत, मध्ये कन्नड पेरत. चार महिने ते खरोखर रागावले होते. मग बाजारात अक्का भेटल्या तेव्हा त्यांनी विचारलं, सामंतनं धारवाडहून फोन कधी केला? अक्का म्हणाल्या, छे, ते तर दिवसभर पंगतीत वाढत होते, लग्नघरात फोन नव्हता आणि त्यांनी उंबरा ओलांडला नाही. अक्कांना खोटं बोलता येत नाही. जोसेफ तसेच अण्णांकडे गेले, आणि अण्णांनी विनवणी केली, पोराची नोकरी पक्की होईपर्यंत बोलू नकोस. ती पक्की झाल्यावर जोसेफ म्हणाले, आता तरी त्याला सांग, आपण बोलतो म्हणून. अण्णा म्हणाले, नको. तो आपणहून येईल. तेव्हापासून दर गुरुवारी इथं एक कॉफी दोघांत. कॅन्टीनमधली तोंडं फिरवणं निव्वळ माझ्यासाठी होतं, आणि ते दोघांना फार आवडायचं. तोंड फिरवल्यावर हसू दाबताना जोसेफांना दोनदा ठसका लागला होता.

‘माझी वाट बघत गेले…’ मी कसाबसा म्हणालो. जोसेफांनी मान हलवली. वाट बघणं सामंतनं कधीच सोडलं होतं, ते म्हणाले. तुझी तापातली ती गोष्ट सांगायला तो या टेबलाशी आला आणि म्हणाला, पोरगा शब्द पाळायला शिकला, आता आला नाही तरी चालेल, काम झालंय. मी हसायला लागलो आणि हसता हसता मला हुंदका फुटला. छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. माझ्यामुळे काही तुटलं नव्हतं. माझी मान खाली होती ती सगळी वर्षं ते दोघं इथं मजेत कॉफी पीत होते, आणि याचा मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

जोसेफांनी दुसरा पेला माझ्याकडे सरकवला. ‘अब बोलो,’ ते म्हणाले, ‘नंबर देना था के नै?’ मी म्हणालो, देना नै था. त्यांनी कपाळाला हात लावला, धपाट्याचे तुकडे करून टेबलावर मैदान मांडलं आणि हॉटेलवाले दारं लावायला उठेपर्यंत आम्ही भांडलो.

निळी स्कूटर आता माझ्या दारात असते. एका किकमध्ये सुरू होते. परवाच्या गुरुवारी निघताना बायकोनं विचारलं, आज पुन्हा कुठं? किल्ली खिशात टाकत मी म्हणालो, ‘गाडी दाखवायची आहे. क्लच जरा गडबड करतोय.’